बंद पडलेल्या ज्यूकबॉक्सचे बिनतारी संगीतयंत्रात रूपांतर : प्रकल्प नोंदी

४ मे २०२४

नाणे टाकून बटणांनी निवडलेल्या गाण्याची तबकडी वाजवणारे हे जुने यंत्र, म्हणजे ज्यूकबॉक्स, कामाच्या खोलीत आणून उभे केले आणि मागचे दार उघडून पहिली तपासणी केली. लाकडी कॅबिनेटच्या तळाचे प्लायवुड ओलीने फुगून पापुद्रे सुटले आहेत. समोरची क्रोमची जाळी जागोजागी पुटकुळ्या आल्यासारखी दिसते, पण आकार शाबूत आहे. वरचा पारदर्शक घुमट तडकलेला नाही, हे या वयाच्या यंत्रात विशेष मानावे लागेल. आत उंदरांचे घरटे होते. अशी घाण कोरडी झाडल्यास त्यातली धूळ श्वासावाटे आत जाते आणि तिच्यातून गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून मास्क व हातमोजे घालून सर्व भाग जंतुनाशकाच्या पाण्याने भिजवले आणि मगच पुसून काढले.

मुख्य प्रश्न यांत्रिक भागाचा होता. तबकडी उचलून फिरवणीवर (टर्नटेबलवर) नेणारा हात गायब आहे, ध्वनिग्रहाची (सुईच्या पिकअपची) दांडी मुळातून मोडली आहे आणि तबकड्यांच्या रांगेवरून सरकणाऱ्या गाड्याचा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव सांगाडा हाताने दाबला तरी तुकडे पडावेत इतका भुसभुशीत झाला आहे. जस्ताच्या ओतीव भागात अशुद्धी राहिल्या असतील तर तो वर्षानुवर्षे आतून चिरत जातो आणि त्यावर कोणताही इलाज नाही. हे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते, कारण ज्या ज्यूकबॉक्सची यंत्रणा दुरुस्त होऊ शकते त्याचे असे रूपांतर करू नये, या मताचा मी आहे. तेल, रबरी चाके आणि थोडी चिकाटी एवढ्यावर अशी अनेक यंत्रे पुन्हा चालू होतात. हे यंत्र त्यांपैकी नाही.

११ मे

निर्मात्याची पट्टी कुणीतरी केव्हाच काढून नेली आहे, त्यामुळे वय अंतर्गत पुराव्यांवरूनच ठरवावे लागले. तबकड्यांची मांडणी सात इंची, मोठ्या छिद्राच्या, मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या तबकड्यांसाठी आहे. ही तबकडी आरसीए व्हिक्टरने १९४९ मध्ये बाजारात आणली. शंभर गाण्यांची निवड देणारे पहिले यंत्र, सीबर्गचे एम १०० ए, १९४८ चे. पण ते ७८ फेऱ्यांच्या तबकड्या वाजवीत असे, आणि केवळ ४५ फेऱ्यांसाठी घडवलेले एम १०० बी १९५० मध्ये आले. म्हणजे पन्नास तबकड्यांच्या दोन्ही बाजू वाजवणारे हे यंत्र त्याच्या अलीकडचेच असणार. दुसरीकडे, ध्वनिग्रहापासून निघालेली तार एकाच ध्वनिमार्गाची आहे, आणि स्टिरिओ तबकड्या १९५८ पासून विक्रीस येऊ लागल्या. तेव्हा पन्नासच्या दशकातील पहिली सात-आठ वर्षे हा अंदाज पुरेसा आहे.

मोटरवर ११७ व्होल्ट आणि ६० हर्ट्झ असे कोरलेले आहे. यंत्रणा वाचली असती तरी ५० हर्ट्झच्या विजेवर केवळ ट्रान्सफॉर्मर लावून भागले नसते, कारण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, वारंवारिता बदलत नाही. मोटर पाच-षष्ठांश वेगाने फिरून ४५ ऐवजी साडेसदतीस फेरे देते आणि प्रत्येक गायकाचा आवाज जड होतो.

१८ मे

सर्व जुने विद्युत भाग बाहेर काढले. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमधील मोठे कंडेन्सर वीज तोडल्यानंतरही भार धरून ठेवू शकतात, आणि हा भार तीनशे-चारशे व्होल्टचा असतो. यंत्र दशकानुदशके बंद असले तरी दुरुस्तीच्या प्रयत्नात कुणी अलीकडे वीज दिलेली नसेलच असे नाही. म्हणून प्रत्येक कंडेन्सरच्या टोकांना रोधक लावून भार उतरवला आणि मल्टिमीटरवर शून्य दिसल्यावरच तारा कापल्या. स्क्रूड्रायव्हरने टोके जोडून ठिणगी पाडण्याची पद्धत सोपी असली तरी तिच्यात भाग फुटण्याचा आणि डोळ्यांना इजा होण्याचा धोका आहे.

तारांवरील रबरी आवरण हात लागताच गळून पडत होते. दिव्यांजवळच्या उष्णतारोधक पट्ट्या करड्या व तंतुमय दिसल्या. त्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या असू शकतात असे गृहीत धरून ओल्या करूनच सोडवल्या आणि पिशवीत बंद केल्या. नळीदिव्यांचे चोकही तसेच वेगळे ठेवले, कारण त्या काळच्या चोकमधील कंडेन्सरात पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल हे विषारी तेल सर्रास वापरले जाई. या दोन्ही वस्तू घातक कचरा म्हणूनच द्यायच्या आहेत.

अ‍ॅम्प्लिफायर मात्र फेकलेला नाही. तो पुसून, खुणेची चिठ्ठी लावून पेटीत ठेवला आहे, कारण पुढे कुणाला हे यंत्र मूळ रूपात आणायचे झाले तर त्याला निदान सुरुवात करता यावी.

२ जून

काय बदलायचे आणि काय नाही, हे आज कागदावर पक्के केले. लाकडात किंवा पत्र्यात एकही नवे छिद्र पाडायचे नाही. नवे सर्व भाग एका प्लायवुडच्या फळीवर बसवून ती फळी जुन्या यंत्रणेच्याच बोल्टांवर टेकवायची. निवडीची बटणे, गाण्यांच्या नावांच्या पट्ट्या आणि मोठा स्पीकर मूळचेच राहतील. बदलेल तो फक्त आवाजाचा उगम.

याहून महत्त्वाचा मुद्दा यंत्राच्या सवयींचा आहे. ज्यूकबॉक्सला बिनतारी करणे अवघड नाही. एखादा ब्लूटूथ स्पीकर आत ठेवून दार लावले की झाले, आणि अशी रूपांतरे मी पाहिली आहेत. त्यात कॅबिनेट निव्वळ सांगाडा उरते आणि समोरची बटणे शोभेची होतात. या प्रकल्पात फोनवरून गाणे पाठवता यावे, पण समोर उभे राहून अक्षर आणि अंक दाबणाऱ्याला हे यंत्र आपल्या जुन्याच नियमांनी वागताना दिसावे, अशी अट घालून घेतली आहे. ते नियम कोणते, ते आज्ञावलीच्या नोंदीत येईल.

९ जून

कॅबिनेटचे काम. सुटलेले पापुद्रे सरस भरून, मेणकागद व फळ्या लावून शिकंज्यात आवळले. क्रोमवरील गंज अ‍ॅल्युमिनियमची पन्नी पाण्यात बुडवून घासल्यावर बराच उतरला. जिथे मुलामाच उडाला आहे तिथे मेण लावून सोडून दिले. घुमट केवळ सौम्य साबणाच्या पाण्याने धुतला. अ‍ॅक्रिलिकवर स्पिरिट किंवा अमोनियायुक्त काचपुसणी वापरली की पृष्ठभागावर केसासारख्या बारीक भेगांचे जाळे पडते, आणि ते परत जात नाही.

२३ जून

स्पीकर हा या यंत्राचा सर्वांत समाधानकारक भाग निघाला. पंधरा इंची कागदी कर्णा (कोन), कडेला कापडी वळ्या आणि मागे स्थायी चुंबक. याआधीच्या अनेक यंत्रांत चुंबकाऐवजी विद्युतचुंबकाचे वेटोळे असे आणि तेच वेटोळे अ‍ॅम्प्लिफायरच्या वीजपुरवठ्यात गाळणीचेही काम करी; तसे असते तर अ‍ॅम्प्लिफायर काढताच स्पीकर मुका झाला असता आणि त्या वेटोळ्यासाठी स्वतंत्र एकदिश (डीसी) पुरवठा उभारावा लागला असता.

मल्टिमीटरवर ध्वनिवेटोळ्याचा रोध सहा ओहमच्या किंचित वर आला, म्हणजे हा नाममात्र आठ ओहमचा स्पीकर आहे. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावताच कर्णा स्वच्छपणे पुढे आला आणि सोडताच खरखर न करता मागे गेला. वेटोळे चुंबकाच्या फटीत कुठे घासत नाही याची ती खूण. कर्ण्याला दोन ठिकाणी पडलेल्या चिरा पातळ जपानी कागद आणि पाण्यात विरळ केलेला पांढरा डिंक लावून सांधल्या.

एवढा मोठा कर्णा वरच्या स्वरांत थकतो. तबकड्यांच्या काळात ते खपून जाई, कारण घासलेल्या तबकडीची खसखसही त्याच पट्ट्यात असते आणि ती झाकलेलीच बरी असे. पण आजच्या ध्वनिमुद्रणात झांजा आणि व्यंजनांची धार त्यामुळे हरवते. म्हणून जाळीच्या मागे, दिसणार नाही असा, एक छोटा आठ ओहमचा ट्वीटर (वरच्या स्वरांचा स्पीकर) ४.७ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून जोडला. या जोडीची सीमा साधारण ४,२०० हर्ट्झवर येते. कंडेन्सर ध्रुवरहित फिल्मचा आहे. ट्वीटरचा आवाज मोठ्या स्पीकरहून चढा वाटल्याने त्याच्या वाटेवर, कंडेन्सरच्या नंतर, रोधकांची जोडी टाकून तो उतरवला आणि ट्वीटरकडील भार आठ ओहमच राखला.

मागचे दार लावले की खर्ज भरीव होतो, उघडे ठेवले की विरतो. कर्ण्याच्या पुढची आणि मागची हवेची लाट एकमेकींच्या विरुद्ध असते. दार उघडे असेल तर लांब लहरींना वळून येऊन एकमेकींना पुसायला वाट मिळते. तेव्हा पुढील सर्व ऐकण्याच्या चाचण्या दार लावूनच घ्यायच्या.

७ जुलै

अ‍ॅम्प्लिफायर म्हणून टीपीए ३११६ या चिपवरील डी वर्गाचा तयार बोर्ड घेतला आहे. चोवीस व्होल्टवर आठ ओहमच्या स्पीकरला त्यातून सुमारे तीस वॅट मिळतात, आणि पन्नासच्या दशकातील कागदी कर्ण्याला त्याहून अधिक देण्याचे कारण नाही. या चिपचे आउटपुट पुलासारखे जोडलेले असते; स्पीकरची दोन्ही टोके सजीव असतात आणि त्यांतले कोणतेही धातूच्या अंगाला लागता कामा नये. जुन्या यंत्रात स्पीकरचे एक टोक बहुधा चासीलाच बांधलेले असते, म्हणून तो दुवा शोधून तोडला.

यंत्र एकमार्गी आहे, तेव्हा डावा आणि उजवा आवाज एकत्र करायला हवा. हे मिश्रण तारा नुसत्या एकत्र पिळून करू नये, कारण त्यात एक आउटपुट दुसऱ्याला ओढू लागते. येथे ते गाणी वाजवणाऱ्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकातच, दोन्ही मार्ग निम्म्या पातळीवर आणून, केले आहे.

पहिल्या जोडणीत स्पीकरमधून बारीक किणकिण ऐकू आली आणि ती रास्पबेरी पायच्या कामाबरोबर कमीजास्त होत होती. पाय आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच चोवीस व्होल्टच्या पुरवठ्यावर आहेत, त्यामुळे पायचा पाच व्होल्टचा परतीचा प्रवाह ध्वनीच्या जमिनीतूनही (ग्राउंडच्या तारेतूनही) वाहतो आणि तोच आवाजात मिसळतो. पायसाठी विलगित प्रकारचा (दोन्ही बाजूंत विजेचा थेट दुवा नसलेला) डीसी-डीसी कन्व्हर्टर बसवताच शांतता झाली. महागड्या ध्वनिपरिवर्तकाने (अंकी आवाजाचे विद्युतसंकेतात रूपांतर करणाऱ्या डॅकने) हा दोष गेला नसता. पीसीएम ५१०२ चा साधा बोर्ड या स्पीकरसाठी पुरेसा आहे.

२० जुलै

बटणे. दहा अक्षरे आणि दहा अंक, मिळून वीस. अक्षरांत ए पासून के पर्यंत जाताना आय वगळला आहे, तो १ सारखा दिसतो म्हणून. अक्षराचे बटण दाबले की ते आतच अडकून राहते, अंक दाबला की निवड नोंदली जाते आणि एक सोलेनॉइड (विद्युतचुंबकी खटका) कळ ओढून अक्षर मोकळे करते. हा खटक्याचा आवाज आणि बोटाला जाणवणारा तो धक्का टिकवायचाच होता.

संगणकाला बटणे वाचता यावीत म्हणून एमसीपी २३०१७ या चिप वापरल्या. एकीत सोळा वाटा (पिना) असतात, म्हणून दोन लागल्या. चिपच्या आतच सुमारे शंभर किलोओहमचा ओढरोधक (वाट मोकळी असताना तिला वरच्या व्होल्टेजवर धरणारा रोधक) असतो आणि अनेक जण त्यावरच भागवतात. येथे मात्र काही बटणे कधी लागत, कधी लागत नसत. चांदीचे जुने संपर्कबिंदू पंचवीस व्होल्टच्या आसपास आणि जोरकस प्रवाहावर चालण्यासाठी घडवलेले असतात. त्यांच्यावरचा काळा थर त्या प्रवाहाने आपोआप भेदला जाई. ३.३ व्होल्टला शंभर किलोओहममधून जेमतेम ३३ मायक्रोअँपिअर वाहतात, आणि एवढ्याशा प्रवाहाने थर हलत नाही. प्रत्येक वाटेवर बाहेरून एक किलोओहमचा रोधक लावून प्रवाह तीन मिलिअँपिअरच्या वर नेला आणि संपर्क स्वच्छ कागदाची पट्टी मध्ये धरून, ओढून पुसले. पॉलिश पेपर मुद्दामच वापरला नाही. तो चांदीचा पातळ थर खरवडून नेतो. त्यानंतर सर्व बटणे निरपवाद वाचली जात आहेत. संपर्क टेकताना होणारी थरथर आज्ञावलीत तीस मिलिसेकंद थांबून गाळली आहे.

सोलेनॉइडबाबत आणखी एक काळजी घ्यावी लागली. तो प्रत्यावर्ती (एसी) पंचवीस व्होल्टसाठी आहे. तेवढेच एकदिश व्होल्टेज दिले तर वेटोळ्याचा प्रेरकीय विरोध नाहीसा होतो, उरतो केवळ तारेचा रोध, आणि प्रवाह अनेक पटींनी वाढून वेटोळे जळू शकते. म्हणून बारा व्होल्ट, तेही फक्त पाव सेकंद, मॉसफेटमधून (इलेक्ट्रॉनिक खटक्यातून) दिले आणि वेटोळ्याला उलटा डायोड जोडला, जेणेकरून वीज तुटताना उसळणारे व्होल्टेज मॉसफेटवर येणार नाही. खटका पूर्वीइतकाच ठणठणीत ओढला जातो.

३ ऑगस्ट

आज्ञावली. गाणी वाजवण्याचे काम म्युझिक प्लेअर डीमन करतो, बटणांवर लक्ष ठेवणारा छोटा कार्यक्रम पायथनमध्ये लिहिला आहे, आणि शंभर जागांसाठी शंभर फाइली ठरलेल्या नावांनी ठेवल्या आहेत.

आता नियमांबद्दल. सरकत्या गाड्याच्या ज्यूकबॉक्समध्ये गाणी निवडलेल्या क्रमाने वाजत नसत. प्रत्येक निवडीने स्मृतीत एक खूण उठे, गाडा तबकड्यांच्या रांगेवरून सरकत जाई आणि जिथे खूण सापडेल तिथे थांबून ती तबकडी वाजवी. यातून दोन गोष्टी आपोआप घडत. पहिली अशी की, शेवटी निवडलेले गाणे वाटेत आधी लागले तर ते आधी वाजे. दुसरी अशी की, एकच गाणे पाच जणांनी निवडले तरी खूण एकच असल्याने ते एकदाच वाजे. पुढे आलेल्या वादनसूचींनी (प्लेलिस्टनी) हे दोन्ही गुण गमावले. तिथे जो आधी आला तो आपली दहा गाणी लावून मोकळा होतो आणि बाकीचे ताटकळतात. मला जुनी पद्धत अधिक न्याय्य वाटते, म्हणून तीच उतरवली आहे: शंभर खुणांची एक यादी आणि त्यावरून गोल फिरणारा एक दर्शक. गाणे संपले की दर्शक पुढची उठलेली खूण शोधतो, ती पुसतो आणि ते गाणे लावतो.

फोन आणि बटणे यांत प्राधान्य बटणांना आहे. ब्लूटूथवरून काही वाजत असताना समोरून निवड झाली तर फोनचा आवाज हळूहळू उतरवून त्याला विरामाची आज्ञा पाठवली जाते आणि सर्व खुणा संपल्यावर फोन पुन्हा सुरू होतो. उलटे कधीच होत नाही. खोलीच्या कोपऱ्यात बसून कुणाला दुसऱ्याचे गाणे तोडता येऊ नये, एवढाच हेतू.

तबकडी शोधतानाच्या खडखडाटाचे ध्वनिमुद्रण प्रत्येक गाण्याआधी वाजवावे, अशी सूचना मला करण्यात आली होती. ती मी स्वीकारली नाही. सोलेनॉइडचा आवाज खरा आहे, तो पुरे.

निरनिराळ्या दशकांतील ध्वनिमुद्रणांच्या पातळीत मोठा फरक असतो. फाइलींसाठी रीप्लेगेनच्या (आवाजाची पातळी सांगणाऱ्या) खुणा मोजून ठेवल्या, त्यामुळे सर्व गाणी एकसारख्या उंचीवर ऐकू येतात. फोनवरून येणाऱ्या आवाजाला अशी खूण नसते, म्हणून त्या वाटेवर सौम्य मर्यादक (फार चढा आवाज दाबणारा) ठेवला आहे.

११ ऑगस्ट

दार लावले की ब्लूटूथ खोलीच्या दुसऱ्या टोकाला तुटत होते. पुढे क्रोमची जाळी, मागे पोलादी पत्रा, २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास असते आणि जाळीची छिद्रे त्यापुढे फारच लहान आहेत. पायवरचा अंगभूत अँटेना बंद करून यूएसबीचा ब्लूटूथ खडा (डोंगल) लांब तारेने घुमटाखाली नेला. तो यूएसबी २ च्या खोबणीत लावला आहे, कारण यूएसबी ३ ची देवाणघेवाण नेमकी याच पट्ट्यात गोंगाट करते. आता संपर्क टिकतो.

२४ ऑगस्ट

प्रकाशासाठी नळीदिव्यांच्या जागी उबदार पांढऱ्या, २,७०० केल्विनच्या एलईडी पट्ट्या लावल्या आणि त्या दुधी अ‍ॅक्रिलिकच्या मागे ठेवल्या, म्हणजे सुटे ठिपके दिसत नाहीत. थंड पांढरा प्रकाश लावून पाहिला. रंगीत प्लास्टिक त्यात निर्जीव दिसते. मंदक (दिव्यांचा उजेड कमी करणारा डिमर) दोनशे हर्ट्झवर असताना स्पीकरमध्ये त्याची गुणगुण उतरत होती, म्हणून वारंवारिता वीस किलोहर्ट्झच्या वर नेली. पायच्या १८ व १९ या वाटा ध्वनीच्या आय-टू-एस जोडणीने व्यापलेल्या असल्याने मंदकाला १२ वी वाट दिली आहे.

७ सप्टेंबर

सुरक्षेच्या चाचण्या. मूळ तार दोन पिनांची होती आणि धातूच्या अंगाला अर्थिंग मुळीच नव्हते. तिच्या जागी तीन पिनांची तार, प्रवेशाशीच फ्यूज, आणि जाळी, दार व चासी यांना स्वतंत्र अर्थिंग जोडले. सर्ज थोपवणारे भाग बाजूला काढून पाचशे व्होल्टच्या मेगरने (विद्युतरोध मोजणाऱ्या मापकाने) विलगन तपासले. वाचन मापकाच्या कमाल मर्यादेपलीकडे गेले.

जुना चालू-बंद खटका थेट वीज तोडतो, त्यामुळे मेमरी कार्ड बिघडण्याचा धोका होता. संपूर्ण प्रणाली केवळ वाचनीय केली असून उठलेल्या खुणा तेवढ्या एका एफरॅम (वीज गेली तरी नोंद टिकवणाऱ्या) चिपमध्ये लिहिल्या जातात. मूळ यंत्रात वीज गेली तरी उठलेली खूण पुसली जात नसे. येथेही आता तसेच होते.

नावांच्या पट्ट्या तीन इंच लांब आणि एक इंच उंच, वर एका बाजूचे गाणे, खाली दुसऱ्या बाजूचे आणि मधल्या पट्ट्यात गायकाचे नाव, अशा जुन्याच मापाने छापल्या. यातून एक अडचण निघाली: प्रत्येक पट्टीवर एकाच गायकाची दोन गाणी हवीत, आणि माझ्या यादीत एकेकट्या गाण्याचे गायक बरेच होते. तेव्हा यादीच बदलली.

नाण्याची यंत्रणा अजून गंजलेली आहे. ती उघडून, खाचेखालच्या सूक्ष्म खटक्याची एक तार दुसऱ्या एमसीपी चिपच्या मोकळ्या वाटेवर आणायची आहे. विद्युत आराखडा आणि काढलेल्या भागांची यादी प्लास्टिकच्या पाकिटात घालून मागच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवली.